नावाला किती बाइट लागतात?

कुडाळच्या एसटी स्टँडवर सावंतवाडीची गाडी अजून लागायची होती. तुळशीची लग्नं होऊन गेलेली, म्हणजे जत्रांचा मोसम. स्टँडवरच्या निम्म्या लोकांच्या पिशव्यांतून खाज्याच्या पुड्या डोकावत होत्या. शेजारी बसलेल्या पोराने मोबाइल तळहातावर आडवा धरला होता आणि त्या नखाएवढ्या स्पीकरमधून कर्ण बोलत होता. कुंतीशी. ‘माते’ म्हणताना ‘मा’वर रेंगाळणारा, वाक्यभर खर्जात राहून शेवटच्या शब्दाला एकदम वर चढणारा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. आमच्या गावचे अण्णा, कोकणातल्या दशावतारी नाटकांतले नट. ‘ह्यो आवाज कोणाचो रे?’ मी मुद्दाम विचारलं. ‘म्हायत नाय ओ. ग्रुपार इलो. पण बोलतत बगा कसे!’ पोरगा मनापासून ऐकत होता, डोळे बारीक करून. पडद्यावर कुठल्यातरी देवळाचा फोटो होता आणि त्यावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत एका चॅनलचं नाव. कर्णाचं काम कोणी केलं, पेटी कोणाची, पखवाज कोणाचा, जत्रा कुठली, काहीच नाही. गाडी लागली, पोरगा चढला, कर्णही त्याच्याबरोबर गेला. मला मात्र त्या पिवळ्या अक्षरांनी पुढचे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिलं नाही.

ते ध्वनिमुद्रण कुठलं, ते मला पक्कं ठाऊक आहे. 1998 ची जत्रा. माझे काका मुंबईहून टेपरेकॉर्डर घेऊन आले होते आणि त्यांनी तो देवळाच्या आवारात भोंग्याच्या खांबाशी एका स्टुलावर ठेवला होता. थंडी चांगलीच होती. कापूर, उदबत्ती, तळणीचं तेल आणि जनरेटरचा धूर असा जत्रेचा म्हणून एक वास असतो, तो सगळीकडे भरला होता. मी देवळाच्या बाजूच्या पडवीत घुसून अण्णांची रंगरंगोटी बघत होतो. हातभर आरशाचा तुकडा पायांच्या बोटांत धरलेला, आणि काजळाची काडी एकदाच फिरवून काढलेली मिशी. दुसरा हात लावायचाच नाही. आडदशावतार, म्हणजे नाटकाचा पूर्वरंग, झाला, संकासुराने पोरांना हसवून घेतलं आणि मग आख्यान सुरू झालं. लाकडी बाकडा हेच सिंहासन, तीच कुंतीची नदीकाठची शिळा. संहिता नाही, पाठांतर नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोणी काय करायचं ते ठरतं, आणि शब्द त्या रात्री त्या बाकड्यापाशी जन्माला येतात. त्या रात्री कर्ण कुंतीला जे बोलला, ते त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतर खुद्द अण्णांनाही तसं पुन्हा जमलं नसेल. शिल्लक राहिली ती फक्त काकांची नव्वद मिनिटांची कॅसेट.

ती मी मागून आणली. पत्र्याच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली होती, तरी फितीच्या कडेला बुरशीची पांढरी नक्षी धरायला लागली होती. आपल्याकडच्या दमट हवेत कॅसेटचं आयुष्य ते किती! मी ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवतो, त्यामुळे हे काम नव्याने आणि नीट करायचं ठरवलं. आवाज म्हणजे हवेचं मागे-पुढे होणं. फितीवर ते चुंबकाच्या कमी-जास्त जोराने सलग उतरलेलं असतं. संगणकाला सलग काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून तो सेकंदाला 44,100 वेळा विचारतो, लाट आत्ता किती उंचीवर आहे? जे उत्तर येईल ते 65,536 पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवतो, कारण 16 बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक भरायच्या 16 घरांत, तेवढ्याच पायऱ्या मावतात. हा 44,100 चा आकडा 1982 साली बाजारात आलेल्या सीडीने रूढ केला. माणसाच्या कानाची धाव फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत, आणि लाट पकडायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त नोंदी लागतात, असा त्यामागचा हिशेब. डावा-उजवा मिळून सेकंदाला 14,11,200 बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट आणि दहा लाख बाइटांचा एक एमबी धरला, तर नव्वद मिनिटांची कॅसेट अशी उतरवली की साधारण 950 एमबी भरते. इतक्या वर्षांत तो आवाज मी किती वेळा मनात ऐकला असेन. पडद्यावर त्याची हिरवी लाट सरकताना पाहिली तेव्हा मात्र पोटात काहीतरी हललं. अण्णांचा दम जिथे तुटतो तिथे लाट आडवी होत होती.

हे 950 एमबी लहान करायचे दोन मार्ग. पहिल्यात एकही बिट गमवायचा नाही. वारंवार येणाऱ्याला आखूड खूण द्यायची, क्वचित येणाऱ्याला लांब, म्हणजे एकूण पसारा आपोआप कमी होतो. ही रीत डेव्हिड हफमनने अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत असताना शोधली. प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी वर्गाला मुभा दिली होती, परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. हफमनने निबंध निवडला आणि 1952 साली तो प्रसिद्ध झाला. आजही झिप फाइलपासून फोटोपर्यंत सगळीकडे त्याची खूणपद्धत बसलेली आहे. आवाजासाठी फ्लॅक नावाचा प्रकार आहे. तो आधीच्या नोंदींवरून पुढच्या नोंदीचा अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच लिहून ठेवतो. अण्णांचा लांबवलेला ‘मा’ त्याला सहज जमतो, कारण सूर स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगत असतो. त्याला जड जाते ती फितीची खरखर. तिच्यात कसलाच क्रम नाही, अंदाज बांधायला काही नाही, म्हणून ती जवळजवळ आहे तशी साठवावी लागते. क्लॉड शॅननने 1948 साली माहितीचं जे गणित मांडलं, त्यात जे आधी ओळखता येत नाही त्यातच माहिती जास्त. म्हणजे त्या हिशेबाने कर्णाच्या शब्दांपेक्षा खरखर श्रीमंत! वर्गात हे मी बरीच वर्षं निर्विकारपणे शिकवत आलो आहे. स्वतःच्या गावची कॅसेट समोर असताना ते पचायला वेळ लागला. पण त्यात एक दिलासाही आहे. हे यंत्र कशाला महत्त्व द्यायचं ते स्वतः ठरवत नाही. खरखर तर खरखर, सगळं परत देतं.

दुसरा मार्ग ठरवतो.

एमपीथ्री हा त्या दुसऱ्या मार्गातला सगळ्यांत ओळखीचा. त्याचा पाया कानाच्या एका खोडीवर आहे. मृगाचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की पडवीतून आई हाका मारत असते आणि माजघरात आपल्याला ऐकू येत नाही. हाक पोहोचलेली असते, कानाने ती घेतलेली नसते. मोठा आवाज जवळच्या वारंवारतेच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच धरून काम केलं. जे झाकलं जाणारच आहे ते साठवायचं कशाला? उरलेल्यालाही जिथे चूक लपून जाईल तिथे ढोबळ आकडे द्यायचे. नव्वद मिनिटांचे 950 एमबी असे 128 केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला 128 हजार बिटांच्या हिशेबाने, 86 एमबीवर येतात, आणि चांगल्या हाताने केलेली अशी फाइल बऱ्याच जणांना मूळ आवाजापासून वेगळी ओळखता येत नाही. ही अफाट करामत आहे, मी तिला कमी लेखत नाही. स्वस्त मोबाइल आणि तुटपुंज्या रेंजवर गावोगाव दशावतार पोहोचला तो हिच्या जोरावर.

पण झांज. दशावतारात संगीत म्हणजे तीनच वाद्यं, पायपेटी, पखवाज आणि झांज, आणि यातली झांज या पद्धतीला सगळ्यांत छळते. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा हिशेब एकत्र मांडतो. 1152 नोंदींची एक चौकट, म्हणजे सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग. झांजेचा आघात अशा तुकड्याच्या मध्येच कुठेतरी पडतो, आणि ढोबळ आकड्यांनी झालेली चूक मात्र तुकडाभर पसरते. त्यामुळे झांज वाजण्याच्या किंचित आधीच तिची धुरकट सावली ऐकू येते. हे त्या अभियंत्यांना माहीत होतं. कॅस्टनेट्स या चिपळ्यांसारख्या वाद्याच्या टकटकाटावर त्यांनी याच कारणासाठी चाचण्या घेतल्या आणि आघात आला की तुकडे आखूड करायची सोयही ठेवली. पुरेसे बिट दिले तर ती सोय कामाला येते. नाही दिले तर नाही. काकांच्या मुलाने पूर्वी एकदा घरच्यांसाठी काढलेली एमपीथ्री कोणीतरी व्हिडिओत घातली, तो व्हिडिओ पुन्हा दाबून लहान झाला, त्यातला आवाज आणखी कोणी वेगळा काढला, आणि प्रत्येक वेळी नव्या यंत्राने उरलेल्यातून नको ते वगळलं. आधीच्या यंत्राने काय वगळलं याचा त्याला पत्ता नसतो. स्टँडवर मी जी ऐकली त्या झांजेला धातू उरलाच नव्हता. ओलं फडकं झटकल्यासारखा फस्स आवाज, तोही आधीच सुरू झालेला. मूळ फितीवर तीच झांज खणखणीत आहे. आघातानंतर तिची थरथर अण्णांच्या पुढच्या शब्दाखालून वाहत जाते, आणि त्या थरथरीवर ते शब्द टाकतात. कर्ण थांबतो कुठे आणि का, हे त्या झांजेशिवाय कळतच नाही.

त्या देवळाच्या फोटोचंही तसंच. कौलांच्या रांगा चौकटी-चौकटींत फुटल्या होत्या, आभाळात पायऱ्या दिसत होत्या. जेपीईजी हा फोटो लहान करायचा प्रकार. तो फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतो, प्रत्येकातले सावकाश बदल जपतो आणि बारीक कुसर सोडून देतो; फार दाबलं की चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, मांडलं नासिर अहमद यांनी. जन्म बेंगळुरूचा, काम अमेरिकेत. 1972 साली त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला तो नाकारला गेला, तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते काम तडीस नेलं आणि 1974 साली शोधनिबंध छापला. आज जगात रोज किती फोटो आणि व्हिडिओ या गणितातून जात असतील याची मोजदाद नाही. वर्गात मी विचारतो, हे नाव कोणी ऐकलंय का? अजून एकही हात वर झालेला नाही.

काम टिकतं, नाव गळतं, याचा मला राग येतो तो इथपासून.

मग मी कायदा काढून बसलो. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. लोकांच्या डोक्यात दोन समजुती घट्ट बसलेल्या असतात, नेटवर आहे म्हणजे फुकट आणि नोंदणी केली नाही म्हणजे हक्क नाही. दोन्ही खोट्या. कृती निर्माण झाली की हक्क आपसूक लागू होतो, नोंदणी ऐच्छिक असते. ‘सर्व श्रेय मूळ कलाकारांना’ अशी ओळ खाली टाकली म्हणजे परवानगी मिळाली असंही होत नाही. आता त्या एका कॅसेटमध्ये किती जण राहतात ते बघा. कर्ण-कुंतीची कथा सगळ्यांची, तिच्यावर कोणाचाच हक्क नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते केलं त्याचा, म्हणजे काकांचा. प्रकाशनानंतर तो 60 वर्षं चालतो. आणि ज्यांनी ती रात्र उभी केली त्या सगळ्यांचा आणखी एक वेगळा हक्क, कलाकाराचा. तो 1994 च्या दुरुस्तीने आला आणि आज त्याची मुदत प्रयोगानंतरच्या वर्षापासून 50 वर्षं आहे. 1998 च्या जत्रेचा म्हणजे 2048 च्या अखेरपर्यंत. कलाकार कोण, याची कायद्यातली यादी वाचून मी हरखलो. नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडीसुद्धा! साप खेळवणाऱ्यालाही हा कायदा कलाकार म्हणतो. काकांनी स्वतःला ऐकायला टेप करून घेतलं यात काही गैर नव्हतं, खासगी वापराला मोकळीक आहे. कलाकारांना न विचारता ते चॅनलवर चढवणं वेगळं.

यातलं कलम 38-बी मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते 2012 साली आलं. कलाकाराला दोन गोष्टी मागता येतात. हा प्रयोग माझा आहे असं सांगितलं जावं, आणि माझ्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड होऊ नये. पण खाली एक खुलासा जोडला आहे. संपादनासाठी काही भाग काढला, ठरावीक वेळेत बसवायला कापला किंवा निव्वळ तांत्रिक कारणासाठी बदल केला, तर ती बदनामी धरली जाणार नाही. म्हणजे माझ्या झांजेचं दुःख कायद्याच्या लेखी दुःखच नाही. आधी हे वाचून मी चरफडलो. नंतर ते मला बरोबरही वाटलं. आवाज लहान केल्याशिवाय तो त्या पोराच्या तळहातावर पोहोचलाच नसता आणि ‘बोलतत बगा कसे’ असं त्याने म्हटलंही नसतं. पत्र्यावरच्या पावसात बसून दुसऱ्याच्या ऐकण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. झांजेची थरथर गेली याला निदान कारण तरी आहे, जागा वाचली. नाव गळण्याला मात्र तांत्रिक कारण शोधून सापडत नाही.

कारण नावाला जागा लागते ती किती? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अक्षरांना आकडे देणाऱ्या युनिकोडच्या आज रूढ असलेल्या यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट घेतं. ‘दशावतार’ हा अख्खा शब्द 21 बाइटांत मावतो. माणसाचं नाव-आडनाव पन्नास-साठ बाइटांत. 950 एमबीच्या कॅसेटपुढे, किंवा दाबून दाबून पार चोथा केलेल्या पाच एमबीच्या व्हिडिओपुढेसुद्धा, हे काहीच नाही. एमपीथ्री फाइलच्या शेपटाला नाव लावायची सोय 1996 पासून आहे. ती पहिली चिठ्ठी सगळी मिळून 128 बाइटांची, त्यात कलाकाराच्या नावाला 30. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ती जागा. देवनागरीची दहाच चिन्हं बसली असती, आपल्या बाजूच्या लांबलचक आडनावांचं अर्धं बाहेर राहिलं असतं. पण 1998 साली, त्याच जत्रेच्या वर्षी, नवी आवृत्ती आली आणि तिच्यात हवं तेवढं लिहिता येतं. लिहितं कोण? आणि लिहिलं तरी एमपीथ्रीचा व्हिडिओ करताना ती चिठ्ठी बहुधा मागेच राहते. कायद्याला हेही ठाऊक आहे. कलाकाराचं नाव हा फाइलबरोबर चालणाऱ्या हक्क-माहितीचा भाग मानला आहे आणि जाणूनबुजून ते काढून टाकणाऱ्याला कलम 65-बी खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून पेटीवर कुठल्या गावचं नाव छापायचं यावर आम्ही किती हमरीतुमरीवर येतो! आंब्याच्या बाबतीत एवढे जागे असलेले आम्ही, राजाची कामं करणाऱ्या राजपार्टीच्या नावाला मात्र ‘ग्रुपार इलो’ म्हणून सोडून देतो.

फ्लॅकची फाइल आणि हेडफोन घेऊन अण्णांकडे गेलो. ते ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. हेडफोन घालताना टोपी काढली आणि डोळे मिटले. बराच वेळ चेहऱ्यावर काहीच दिसेना. मग एकदम, ‘हय माजो दम चुकलो. पखवाजवाल्यान सांभाळून घेतल्यान म्हणान.’ मी तिथे कधी चूक ऐकलीच नव्हती. परत ऐकलं तेव्हा पखवाजाचे दोन जादा बोल सापडले, वाक्य तुटू नये म्हणून भरलेले. स्टँडवरच्या फाइलमध्ये ते बोल शब्दांखाली पुरले गेले होते. चॅनलचं मी त्यांना सांगितलं. ऐकण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ‘आयकांदेत. जत्रेक काय आम्ही तिकिटा लावतंव?’ पण पिवळ्या अक्षरांचा विषय निघाला तसा सुपारीचा अडकित्ता थांबला. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, अशी दशावताऱ्यांची म्हण आहे. बोज्याला ते कधी लाजले नाहीत. पण दुसऱ्याच्या नावावर राजा व्हायला त्यांची तयारी नव्हती.

मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, नावं सांगा, फाइलमध्येच लिहितो. त्यांनी सुरुवात केली ती मायकवाल्यापासून. मी अडलो. म्हटलं, अण्णानू, कायद्याच्या यादीत नट आहे, वादक आहे, गारुडीपण आहे, पण मायकवाला नाही. ‘कायद्यात नसलो तर नसलो. भोंगो तेचो. मदल्या रात्री जनरेटर बसलो तेवा तेना बॅटरी लावली नसती तर तुज्या काकाच्या टेपात काय इला असता?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मायकवाल्याचं नाव पहिलं लिहिलं. मग पखवाज, मग पायपेटी, मग झांज. झांजेला त्या रात्री दोघे आलटून पालटून बसले होते, दोघांचीही. मग संकासूर, कुंती, टेप करणारे म्हणून काका, आणि स्वतःचं नाव अण्णांनी सगळ्यांत शेवटी सांगितलं. सगळं मिळून एक किलोबाइटसुद्धा झालं नाही. तीच यादी चॅनलवाल्याला पाठवली आहे, अण्णांच्या आणि काकांच्या वतीने. ही नावं याच क्रमाने व्हिडिओवर घातली तर दोघांची परवानगी आहे, दिलेली स्वच्छ फाइलही वापरावी. नावं घालायची नसतील तर व्हिडिओ उतरवावा, आणि दोन्हींपैकी काहीच होणार नसेल तर सोबत कलम 38-बी जोडलं आहे.